पायथनमधून फाइल वाचता-लिहिताना या चुका टाळा

कोणी बिघडलेली स्क्रिप्ट घेऊन आलं की मी आधी 'ओपन'ची, म्हणजे फाइल उघडणारी ओळ बघतो. बहुतेक दुखणी तिथेच सापडतात.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी मांडायची ती पद्धत, न देणं. विंडोजवर ते दिलं नाही, तर पायथन मशीनच्या सेटिंगवर जातो, आणि आपल्याकडे ते बहुधा सीपी-१२५२ हे रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग असतं. तुमची मराठी फाइल मात्र सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८मध्ये. फसवं हे की चूक दर वेळी दिसत नाही. फाइलीत नुसतं 'सातारा' असेल, तर प्रोग्राम मुकाट चालतो आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग छापतो. 'पुणे' आलं की 'कॅरमॅप'ची एरर देऊन थांबतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१, जोडाक्षरात दडलेल्या हलन्ताचा ८डी, आणि सीपी-१२५२मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. म्हणून जोडाक्षर आलं की वाचन अडलंच.

मग घाईतली मंडळी नेटवरून 'एरर्स इग्नोर' (न जमणारं अक्षर गुपचूप गाळ, असा पर्याय) उचलून चिकटवतात. याची मला खरोखर चीड येते. सीपी-१२५२मध्ये लिहिताना हे केलंत, तर सगळी मराठी गळून जाते, आणि उरतात स्वल्पविराम नि इंग्रजी आकडे.

दुसरी चूक याहून महाग पडते: जी फाइल वाचली तीच 'डब्ल्यू', म्हणजे लिहायच्या मोडमध्ये उघडणं. 'डब्ल्यू' फाइल उघडताक्षणी रिकामी करतो, एक अक्षरही लिहायच्या आधी. एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी अशीच गेली. यादी नीट करायला बसलेल्या मुलाने वाचताना यूटीएफ-८ दिलं होतं, लिहिताना दिलं नाही. शीर्षकाच्या ओळीतल्या पहिल्याच मराठी अक्षराला एरर आली, पण तोवर फाइल शून्य केबी झाली होती. बॅकअप नव्हता. मला बोलावलं तेव्हा परत आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेंटेनन्सच्या छापील पावत्यांवरून नावं पुन्हा टाइप करावी लागली.

माझी सवय अशी: त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने नवी फाइल लिहायची, नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या-शेवटच्या ओळी डोळ्यांनी बघायच्या, आणि मगच पायथनच्या 'ओएस' मोड्यूलमधल्या 'रिप्लेस'ने जुनीच्या जागी बसवायची. नवी फाइल 'एक्स' मोडमध्ये उघडतो. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथन अडवतो. एन्कोडिंग मी वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे हाताने टाइप करतो. पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हाच डीफॉल्ट ठरला आहे, पण तुमची स्क्रिप्ट कुणाच्या जुन्या मशीनवर चालेल ते तुमच्या हातात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. फाइल आपोआप बंद करणारं 'विथ' वापरा, नाहीतर शेवटच्या ओळी बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतच अडकू शकतात. मोठी लॉग फाइल 'रीड'ने एका घासात मेमरीत ओढू नका, ओळीओळीने फिरा. विंडोजवर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) लिहिताना 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या. दर ओळीमागे येणारी कोरी ओळ जाते. पाथमध्ये उलट्या तिरप्या रेघेऐवजी सुलटी वापरा.

आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली जाणार असेल, तर यूटीएफ-८-सिगमध्ये (सुरुवातीला एक खुणेचं चिन्ह टाकणारं यूटीएफ-८) लिहा, म्हणजे मराठी नीट दिसते. तीच फाइल परत वाचतानाही 'सिग'च द्या. नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाआधी एक न दिसणारं चिन्ह चिकटतं, आणि समोर नाव दिसत असूनही 'की-एरर', म्हणजे असं नावच नाही अशी तक्रार, येत राहते.