जुन्या संगणकात हार्ड डिस्क दिसेना? आधी केबलची टोकं तपासा

पडद्यावर डिस्कचं नाव आलं नाही, म्हणून लगेच ‘डिस्क उडाली’ असं ठरवून नागपूरच्या सीताबर्डीचा बाजार गाठू नका. ‘फॉरमॅट मारून बघू’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. आयडीई आणि स्कझी या डिस्क जोडण्याच्या दोन जुन्या पद्धतींच्या जमान्यातल्या यंत्रांत डिस्क शाबूत असूनही गायब होऊ शकते. सैल केबल, चुकीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी), मदरबोर्डवरचा संपलेला सेल किंवा बिघडलेलं टर्मिनेशन (केबलच्या टोकाशी सिग्नल शोषण्याची सोय), यांपैकी काहीही निघू शकतं. स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, चिमटा आणि चांगली चालणारी एक जास्तीची केबल हाताशी असली की पुरे.

वीज आणि आवाज

डिस्क फिरते का, ते कान देऊन ऐका. ठरावीक अंतरानं टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करू नका. तो दोष केबलचा नसण्याचीच शक्यता जास्त. आवाजच नसेल तर एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, चार पिनांचा मोलेक्स (डिस्कला वीज देणारं टोक) तपासा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, काळ्या दोन्ही अर्थच्या. इथे एक लबाडी असते: प्लास्टिकचं टोक घट्ट बसलेलं दिसतं, पण आतली एखादी पितळी नळी मागे सरकलेली असते. टोक काढून चारही नळ्या एका पातळीत आहेत का, ते बघा.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बंद कॅबिनेटमध्ये हवा त्याहून गरम असते. जुन्या डिस्कची मर्यादा बहुधा ५५ अंशांची. पण संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवणं हा त्यावर उपाय नाही. त्या ओल्या हवेनं पिना काळवंडतात. केबल दोन-तीनदा काढून-घालून बसवली की तेवढा थर बऱ्याचदा निघून जातो. आतल्या कामाआधी वीज बंद करून मुख्य वायर काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

आयडीई डिस्क

केबलची लाल कड म्हणजे पिन क्रमांक १. डिस्कवर ती बहुधा वीजजोडणीच्या बाजूला येते. ८० तारांच्या केबलीत निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला (पहिल्या डिस्कला) आणि मधलं राखाडी स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला) लावायचं. एकच डिस्क असेल तर ती टोकालाच लावा. मध्ये लावली तर पुढचा मोकळा तुकडा सिग्नल परत फेकतो. केबल ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, ते डिस्कवरच्या जंपरनं ठरतं. एका केबलवर दोन मास्टर झाले की कधी दोन्ही गायब होतात, कधी एकच दिसते. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशा जंपरच्या दोन वेगळ्या जागा असतात. एकटी डिस्क दुसऱ्या जागेवर ठेवली तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते.

यातून काही निघालं नाही तर बायोस (संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग) बघा. घड्याळ मागे पडलं असेल तर सीआर २०३२ सेल बदला. सेल गेल्यावर डिस्कवरच्या जागा मोजायची पद्धत एलबीए, लार्ज की नॉर्मल, ही नोंद पुसली जाते. आधी लार्जवर चालणारी डिस्क एलबीएवर रिकामी किंवा बिघडलेली भासते. तिन्ही पर्याय वापरून बघा, पण तोवर डिस्कवर काहीही लिहू नका.

स्कझी आणि टर्मिनेशन

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. केबलच्या टोकाशी पोचलेला सिग्नल शोषला गेला नाही तर उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या माहितीत मिसळतो. त्यासाठी टर्मिनेटर लागतो. नियम असा: एका केबलवर जोडलेल्या उपकरणांच्या साखळीला टोकं दोन, टर्मिनेटरही दोनच. प्रत्येक उपकरणाला एक असा तो हिशेब नाही. तिसरा लावला की स्कझी कार्डावर (संगणकातलं, ही केबल जोडायचं कार्ड) जादा भार येतो.

आत डिस्क आणि बाहेर स्कॅनर असेल तर कार्ड मध्ये येतं, म्हणून कार्डावरचं टर्मिनेशन बंद हवं. अॅडॅप्टेकच्या अनेक कार्डांत संगणक सुरू होताना कंट्रोल आणि ए दाबलं की ही सेटिंग दिसते. जुन्या डिस्कवर टर्मिनेटर म्हणजे सर्किटजवळ ओळीनं खोचलेल्या रोधकांच्या (रेझिस्टरच्या) पट्ट्या, बहुधा तीन. मधल्या डिस्कवरच्या तिन्ही काढा, पहिल्या पिनेची खूण लक्षात ठेवा आणि पट्ट्या पाकिटात घालून कॅबिनेटमध्येच चिकटवा. नंतर त्या बाजारात शोधणं जिवावर येतं. एलव्हीडी या नंतरच्या स्कझी प्रकारच्या डिस्कवर टर्मिनेटर नसतोच, तो केबलच्या टोकाला वेगळा लावावा लागतो.

टर्मिनेटरलाही वीज लागते. ५० पिनांच्या केबलीत २६व्या पिनेवर साधारण ४.२५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. शून्य आले तर कार्डावरचा फ्यूज किंवा डिस्कवरचा टर्मिनेटर-पॉवरचा जंपर तपासा.

आता आयडी, म्हणजे साखळीतल्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक. जंपरांची किंमत १, २ आणि ४. पाचसाठी ४ आणि १ लावायचे. कार्डाचा आयडी सहसा ७ असतो. एकच डिस्क सगळ्या क्रमांकांवर दिसत असेल तर तिनं कार्डाचाच आयडी घेतलेला असू शकतो.

टर्मिनेशन चुकलं तरी आखूड केबलीवर यंत्र सुरू होतं, आणि म्हणूनच फसायला होतं. डिस्क दिसू लागली की महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे उतरवा, मग काहीशे एमबीची फाइल कॉपी करून ताडून बघा. मध्येच अडखळली तर कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग एक पायरी उतरवा. तेवढ्यानं चूक थांबली तर दोष केबलीत किंवा टर्मिनेटरमध्ये शोधा.