गावरान अंडं घेताना कवच बघू नका, कोंबडी कुठे चरते ते विचारा

तपकिरी कवच दिसलं की आपण अंडं गावरान समजतो आणि जास्त पैसे मोजतो. पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही. विचारायचं एवढंच: कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात का?

उकिरडा उकरून किडे, वाळवी आणि कोवळं गवत टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ ही उपयुक्त चरबी साधारणपणे जास्त असते. अंगावर ऊन पडत असल्याने ड जीवनसत्त्वही वाढतं. पावसाळ्यात हिरवा पाला वाढला की आमच्याकडे येणाऱ्या अंड्यांचा बलक पिवळ्याचा केशरी होतो. तव्यावर फोडलं की लगेच कळतं. तरी नुसत्या रंगावर विसंबू नका, कारण खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क घातला तरी बलक गडद होतो.

प्रथिनं मात्र गावरान आणि पोल्ट्रीच्या अंड्यांत जवळपास सारखीच, ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. गावरान अंडं बहुतेकदा आकाराने लहान असतं, तेव्हा निव्वळ प्रथिनांसाठी दुप्पट पैसे घालू नका.

आणि एवढी पारखून आणलेली अंडी उकडून त्यांचा बलक टाकून देणं बघवत नाही! ही जीवनसत्त्वं, ओमेगा-३, सगळं बलकातच असतं. मुलांना अख्खं अंडं द्या, नीट शिजवून. कोलेस्टेरॉल किंवा मधुमेह असलेल्यांनी किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं.