तिळ्यांची वेळ येऊ नये म्हणून काय विचारायचं आणि कधी

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. मूल होण्यासाठीचे उपचार करणं माझं काम नाही, पण त्या उपचारांतून एकदम तीन-चार बाळं झाली की ती आमच्याकडे येतात. काचेच्या पेटीपाशी उभे राहून आईवडील बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ काहींना खरंच सांगितलेलं नसतं. बाकीच्यांना सांगितलेलं असतं, पण अशा घाईच्या वेळी की कानावर पडूनही ते डोक्यात शिरत नाही. म्हणून इथे जे लिहितेय ते पहिलं इंजेक्शन घेण्याआधी वाचायचं आहे. बाळं किती होणार हे आपल्या हातात असण्याचा काळ फार थोडा असतो, आणि तो दिवस राहण्याच्या आधीच संपतो.

सगळ्यात आधी, आपला उपचार नक्की कोणता आहे ते समजून घ्या. लोकांना वाटतं तिळी-चौळी म्हणजे आयव्हीएफ, टेस्ट ट्यूब बेबी. पण आयव्हीएफमध्ये किती एम्ब्रियो (शरीराबाहेर तयार केलेले गर्भ) आत सोडायचे हे निदान मोजून ठरवता येतं. खरा बेभरवशाचा प्रकार म्हणजे बीजकोशाला चालना देणारी इंजेक्शनं घेऊन आययूआय करणं (नवऱ्याचं वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं), किंवा घरीच प्रयत्न करणं. तिथे किती बीजं सुटतील आणि त्यातली किती फळतील यावर कुणाचाच ताबा नसतो. अमेरिकेत कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या ९०० जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. इंजेक्शनांच्या गटात राहिलेल्या गर्भधारणांपैकी ३२ टक्के एकाहून जास्त बाळांच्या होत्या. लेट्रोझोल आणि क्लोमिफेन या बीज वाढवणाऱ्या गोळ्या. लेट्रोझोलच्या गटात हे प्रमाण १३ टक्के, क्लोमिफेनच्या गटात ९ टक्के. गोळ्यांच्या दोन्ही गटांत जी झाली ती जुळीच, तिळी सगळीच्या सगळी इंजेक्शनांच्या गटातली. तेव्हा थेट इंजेक्शनं सुचवली गेली तर ‘आधी गोळ्यांवर का नको?’ एवढं विचाराच. उत्तर पटण्यासारखं असेलही, पण ते ऐकून मग पुढे जा.

इंजेक्शनं घ्यायचीच असतील तर सायकल, म्हणजे त्या महिन्याचा उपचार, सुरू होण्याआधी डॉक्टरांना एक आकडा विचारून घ्या: किती फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) मोठे झाले तर सायकल रद्द करायची? हा आकडा फाइलवर लिहून घ्या. ट्रिगरच्या, म्हणजे बीजं सुटण्यासाठीच्या शेवटच्या इंजेक्शनच्या, दिवशी सोनोग्राफीच्या कागदावर काहीसं असं दिसतं: उजवा १८, १६, १५, डावा १७, १४. हे मिलिमीटर आहेत. लोक फक्त सगळ्यात मोठा आकडा बघतात आणि खूश होतात. तसं करू नका, ओळीत आकडे किती आहेत ते मोजा. वरच्या कागदावर पाच आहेत, आणि चौदा-पंधराचे जे मागे दिसतायत तेसुद्धा ट्रिगरनंतर फुटू शकतात. अशा दिवशी ट्रिगर न घेणं हाच शहाणपणा. रद्द करायचं म्हणजे ट्रिगर नाही, आययूआय नाही आणि संबंधही नाही. हे तिसरं कुणी मुद्दाम सांगत नाही, आणि महिना वाया जाऊ नये म्हणून घरी प्रयत्न केला जातो. बीजं ट्रिगरशिवायही सुटू शकतात. संबंध किती दिवस टाळायचे ते डॉक्टरांकडून मोजून घ्या. काही ठिकाणी अशी सायकल आयव्हीएफकडे वळवता येते, तेही विचारा. पैसे आणि महिना गेल्याचं दुःख होतंच, ते मी हलकं करून सांगणार नाही.

आता आयव्हीएफ. ‘दोन सोडले तर शक्यता वाढते ना?’ हो, त्या एका ट्रान्स्फरपुरती वाढते. पण एक आज सोडला, दुसरा गोठवून ठेवला आणि गरज पडली तर पुढच्या वेळी सोडला, तर दोन्ही मिळूनची शक्यता जवळपास तेवढीच भरते आणि जुळ्यांचा धोका एकदम खाली येतो. स्वीडनने २००३ मध्ये एकच एम्ब्रियो हा नियम केला. तिथलं जुळ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं, यशाचं प्रमाण मात्र फारसं हललं नाही. ब्रिटनमध्ये २००९ च्या आधी आयव्हीएफच्या साधारण चार बाळंतपणांत एक जुळ्या-तिळ्यांचं असायचं. नियामक संस्थेने दवाखान्यांवर मर्यादा घातली आणि दहाएक वर्षांत ते दहा टक्क्यांच्या खाली आलं.

क्लिनिकच्या भिंतीवर यशाचा टक्का लावलेला असतो. तो कशाचा आहे ते विचारा. दर ट्रान्स्फरमागे राहिलेल्या गर्भाचा असेल तर त्यात चौळीसुद्धा यशच मोजली जाते. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा: दिवस भरून झालेलं, एकटं, धडधाकट बाळ किती जणींना मिळालं? शिवाय गोठवलेल्या एम्ब्रियोंपैकी किती वितळवल्यावर टिकतात, पाचव्या दिवसापर्यंत वाढवून सोडता का, हेही. फ्रीजिंग चांगलं असेल तिथे दोन सोडायचं कारणच उरत नाही. दुसरीचं बीज घेत असाल तर हिशोब त्या देणाऱ्या मुलीच्या वयाने करायचा, तुमच्या नव्हे. पंचविशीतलं बीज आणि ‘माझं वय झालंय, तीन सोडा’ हे एकत्र चालत नाही. स्वतःचं बीज आणि चाळिशी ओलांडलेली असेल तर मात्र दोनाचा विचार रास्त असू शकतो. आणखी एक: एकच एम्ब्रियो आत जाऊन दोन होऊ शकतो, शंभरात एखाद-दोन वेळा. म्हणून दोन सोडून तिळी झालेली जोडपी आमच्याकडे येतात आणि आकडा कसा चुकला ते त्यांना कळत नाही.

‘एका दमात दोन झाली की सुटलो’ असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या वॉर्डातलं थोडं सांगते. एकटं बाळ चाळीस आठवड्यांच्या आसपास येतं. तिळी सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या आगेमागे, चौळी त्याहूनही दोनेक आठवडे आधी. बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण शंभर मिलिलिटर. तपासणीला अर्धा मिली काढला तरी आम्ही तो मांडून ठेवतो. अशी बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात, मॉनिटर वाजतो, आम्ही तळपायाला बोट लावून जागं करतो, आणि रोज कॅफिन देतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तोवर नाकातल्या नळीतून एकेक-दोन-दोन मिली दूध. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट हे औषध, डोक्याची सोनोग्राफी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, आतडं बिघडण्याची भीती. सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहण्याचा) धोका एकट्या बाळापेक्षा जुळ्यांत कितीतरी जास्त, तिळ्यांत आणखी जास्त. आणि तिन्ही बाळं एका वेळी बरी होत नाहीत. एक घरी जायला तयार, दुसरं सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर), तिसऱ्याचं काल रात्री पोट फुगलेलं. आईची छाती एकच, कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरायला, तिघांचे नंबर लावावे लागतात. वडील हसून नंबर लिहून घेतात. मला ते बघवत नाही.

आईचं वेगळंच. बीपी चढणं, साखर वाढणं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, हे सगळं बाळांच्या संख्येबरोबर वाढतं.

रिडक्शनचं, म्हणजे पोटातल्या गर्भांची संख्या कमी करण्याचं, बोलणं कुणालाच नको असतं, म्हणून तेही आधीच उरकून घ्या. तीन किंवा जास्त गर्भ राहिले तर साधारण अकरा ते चौदा आठवड्यांत संख्या कमी करता येते. त्यात सगळीच गर्भधारणा जाण्याचा धोका असतो, आणि दोन गर्भांची वार (प्लॅसेंटा) एकच असेल तर नेहमीची पद्धत चालत नाही, कारण त्यांचं रक्ताभिसरण जोडलेलं असतं. म्हणून वार एकच आहे की वेगवेगळी ते चौदा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत बघून लिहून घ्या, पुढे ते नीट दिसत नाही. रिडक्शन बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही. करणाऱ्या जोडप्यांना रडताना पाहिलंय आणि न करणाऱ्यांनाही. पण दोन गोष्टींबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांचं मन याला कधीच धजणार नाही, त्यांनी एकाहून जास्त एम्ब्रियो सोडूच नयेत आणि फॉलिकलचा आकडा कडक ठेवावा. आणि ‘जास्त राहिले तर कमी करू, काळजी करू नका’ असं जो डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका बाईला आठ बाळं झाली. डॉक्टरने बारा एम्ब्रियो सोडले होते. जगभर नावं ठेवली गेली ती बहुतेक आईलाच. डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाने रद्द केला. पेशंटने मागितलं म्हणून दिलं, हा बचाव होऊ शकत नाही. तुमच्या शरीराचा निर्णय तुमचा, हे शंभर टक्के मान्य. पण त्या निर्णयाचा मोठा वाटा जे बाळ भोगणार त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि टेबलापाशी त्याची बाजू मांडायला डॉक्टरशिवाय कुणी नसतं. तेव्हा ‘एकापेक्षा जास्त सोडणार नाही’ म्हणून अडून बसणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर चिडू नका.

तरीही तिळी राहिलीच, तर विसाव्या आठवड्याच्या आत नवजात बाळांच्या डॉक्टरांना भेटा. विचारा, तीन व्हेंटिलेटर आणि तीन पेट्या एकाच वेळी मिळतील का? नसतील तर पोटात बाळं असतानाच मोठ्या ठिकाणी जा. जन्मल्यावर तिघांना तीन गाड्यांतून हलवणं फार वाईट. मुदतीआधी कळा येण्याची लक्षणं आणि फुप्फुसं पिकवण्याच्या स्टेरॉइड इंजेक्शनांची वेळ समजून घ्या. नुसतं झोपून राहिल्याने बाळंतपण लांबतं याला आधार नाही. तसा सल्ला मिळाला तर कारण विचारा.

राहता राहिलं संमतीपत्र. त्यात ‘सोडायच्या एम्ब्रियोंची संख्या’ अशी रिकामी जागा असते आणि ती बरेचदा ट्रान्स्फरच्या सकाळी भरली जाते. ती बीजं काढण्याच्या आधी, दोघांनीच बसून भरा. आकडा अंकात आणि अक्षरात लिहा, शेजारी सह्या करा, एक प्रत घरी न्या. त्या सकाळी ‘दर्जा फारसा बरा नाही, दोन सोडूया का?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचंही उत्तर त्याच दिवशी खाली एका ओळीत लिहून ठेवा: दर्जा कमी असेल तर किती, आणि कुठल्याही परिस्थितीत किती नाहीत.