शेडनेट एनर्जीप्लसमध्ये कसे मांडावे?

मराठवाड्यात उन्हाळ्यात गच्चीवर, व्हरांड्यावर हिरवे शेडनेट ताणलेले असते. एनर्जीप्लस (इमारतीच्या ऊर्जावापराचं गणित करणारं सॉफ्टवेअर) मात्र शेडिंगचा, म्हणजे सावली देणारा, पृष्ठभाग मुळात अपारदर्शक धरते. काही न सांगता मॉडेल चालवलं की सावली जास्त आणि कूलिंग लोड (इमारत थंड ठेवायला काढावी लागणारी उष्णता) कमी दिसतो.

त्यासाठी एनर्जीप्लसमधला 'शेडिंग:बिल्डिंग:डिटेल्ड' हा घटक वापरा. साध्या 'शेडिंग:ओव्हरहँग'मध्ये पारगम्यतेची, म्हणजे किती ऊन आरपार जातं ते सांगण्याची, सोयच नाही. चार कोपऱ्यांचे निर्देशांक भरून 'ट्रान्समिटन्स शेड्यूल'चं (पारगम्यतेच्या वेळापत्रकाचं) नाव द्या. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो: 75 टक्के नेट म्हणजे 75 टक्के सावली, म्हणून शेड्यूलमध्ये 0.25 येईल, 0.75 नाही. नेट मार्चमध्ये बांधून जूनमध्ये काढत असाल तर तेवढे महिने 0.25 आणि उरलेलं वर्ष 1. शेड्यूलमधला आकडा असा बदलता असेल तर 'शॅडो कॅल्क्युलेशन' या सावलीच्या हिशेबाच्या सेटिंगमध्ये 'डिटेल्डस्कायडिफ्यूजमॉडेलिंग' निवडायलाच हवं; साध्या पर्यायात विखुरलेल्या प्रकाशाचा हिशेब वर्षभर एकच राहतो.

दोन मर्यादा ध्यानात ठेवा. पारगम्यता उन्हाच्या कोनाप्रमाणे बदलत नाही. शिवाय शेडिंगच्या पृष्ठभागाचा स्वतःचा उष्णता-समतोल सोडवला जात नाही, त्यामुळे नेटऐवजी फायबरचा पत्रा असेल तर तो तापून खाली जी धग मारतो ती निकालात येत नाही.

छत्रपती संभाजीनगरचा अक्षांश सुमारे 19.9 अंश, म्हणजे मेअखेर आणि जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उत्तरेची बाजू सोडू नका. शेवटी नेटसह आणि नेटविना भिंतीवर पडणारं सौर प्रारण ताशी काढून ताडून पाहा.