फोमलहॉटच्या डेब्रिस डिस्कचे मॉडेल कसे बसवावे

डेब्रिस डिस्क म्हणजे ताऱ्याभोवतीचे धुळीचे कडे. तिचे मॉडेल बसवायच्या सरावाला दक्षिण मत्स्य तारकासमूहातला फोमलहॉट हा तारा उत्तम. अंतर ७.७ पार्सेक (सुमारे २५ प्रकाशवर्षे), तेजस्विता सूर्याच्या १६.६ पट, आणि लांब अवरक्तात ताऱ्यापेक्षा धूळच जास्त उजळ.

सुरुवात मात्र ताऱ्यापासूनच करा. सुमारे ८,६०० केल्विनचे तारा-मॉडेल दृश्य आणि जवळच्या अवरक्त मोजमापांवर बसवा. पहिली ठेच इथेच लागते: तारा इतका ठळक आहे की टू-मास आणि वाइज या अवरक्त सर्वेक्षणांमधली त्याची मोजमापे संपृक्त आहेत, म्हणजे शोधकाच्या मर्यादेपलीकडे गेलेली. ते आकडे तसेच उचलले तर मॉडेल वरखाली सरकते आणि नसलेली उष्ण धूळ ‘सापडते’. तेजस्वी ताऱ्यांसाठी केलेली जुनी फोटोमेट्री (तेजाची मोजमापे) वापरा. पुढे ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. २४ मायक्रॉनला जेवढा, त्याचा साधारण साडेआठावा भाग ७० मायक्रॉनला. त्यावर उरते ती धूळ. वजाबाकीत मोजमापाची आणि मॉडेलची, दोन्ही अनिश्चितता धरा. उरलेला प्रकाश एकत्रित अनिश्चिततेच्या तिपटीहून कमी असेल तर धुळीचा दावा करू नका.

रंगदुरुस्ती, म्हणजे गृहीत वर्णपटाऐवजी खऱ्या वर्णपटानुसार आकडा सुधारणे, टाळू नका. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या मिप्स उपकरणाचे आकडे १०,००० केल्विनची कृष्णवस्तू (फक्त तापमानानुसार प्रकाश देणारी आदर्श वस्तू) गृहीत धरून दिलेले असतात, आणि आपली धूळ त्यामानाने बर्फगार.

आता धुळीवर कृष्णवस्तूचा वक्र बसवा, पण सुमारे २१० मायक्रॉनच्या पुढे त्याला (२१० ÷ तरंगलांबी) या गुणोत्तराच्या बीटा घाताने गुणा; बीटा १ पासून सुरू करा. तरंगलांबीपेक्षा लहान कण नीट उत्सर्जन करत नाहीत. हा गुणक विसरलात तर १.३ मिलिमीटरला मॉडेल सहापट जास्त प्रकाश दाखवेल.

खरी गोम त्रिज्येत आहे. कृष्णवस्तूचा नियम: त्रिज्या (खगोलीय एककांत, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत) = (२७८ ÷ तापमान)चा वर्ग × तेजस्वितेचे (सूर्याच्या पटीत) वर्गमूळ. समजा ७० केल्विन बसले, तर उत्तर येते ६४. अल्मा या मिलिमीटर-लहरींच्या दुर्बीण-समूहाच्या प्रतिमेत मात्र कडे १३६ वर आहे, जिथे कृष्णवस्तू ४८ केल्विनची असती. कारण बारीक कण त्याच जागी जास्त तापतात. सिलिकेटची घनता धरली तर इथे सुमारे ७ मायक्रॉन व्यासाखालचे कण प्रारणदाब (ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब) बाहेर ढकलतो, त्यामुळे कणांच्या आकारमानाचे वितरण तिथून सुरू करा, घातांक ३.५ (कणांची संख्या व्यासाच्या ३.५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात). किमान आकारमान आणि त्रिज्या दोन्ही एकाच वेळी मोकळी सोडू नका: लांबचे बारीक कण आणि जवळचे जाडे कण जवळपास सारखाच वक्र देतात. त्रिज्या प्रतिमेतून घेऊन पक्की करा, मग कण शोधा.

धुळीच्या वस्तुमानाला मिलिमीटर प्रकाशच बरा. १.३ मिलिमीटरला सुमारे २५ मिलिजान्स्की (जान्स्की हे प्रकाशप्रवाहाचे एकक), ४८ केल्विन आणि ग्रॅममागे २.३ चौरस सेंटिमीटर अपारदर्शकता (धुळीच्या दर ग्रॅमचे उत्सर्जक क्षेत्रफळ) घेतली की पृथ्वीच्या ०.०१५ पट येते, चंद्राहून थोडे जास्त. ही फक्त मिलिमीटरच्या आसपासच्या कणांची गोळाबेरीज. धोंडे यात दिसत नाहीत. अपारदर्शकता दुप्पट धरलीत तर उत्तर निम्मे होते, म्हणून ती उत्तराशेजारी लिहा.

निरीक्षणाचा प्रस्ताव लिहिणार असाल तर आधी माप पाहा: कड्याचा व्यास ३५ कोनीय सेकंद, तर अल्माच्या १२ मीटर डिशचे दृष्टिक्षेत्र १.३ मिलिमीटरला जेमतेम २६ कोनीय सेकंद. एका रोखात कड्याची टोके पुसट होतात, मोझॅइक (शेजारशेजारच्या अनेक रोखांची जोडलेली प्रतिमा) मागावे लागते.