फेक आयडीवरून धमक्या : पुतणीच्या तक्रारीचा अनुभव

पुतणी यवतमाळला शिकते, घर दारव्ह्याकडच्या खेड्यात. इन्स्टाग्रामवर एका फेक आयडीवरून मेसेज सुरू झाले : "बोलली नाहीस तर तुझे फोटो एडिट करून गावच्या ग्रुपवर टाकीन." मोठ्या बाबांचं म्हणणं, "काहून लफड्यात पडता? डिलीट करा न् मोकळे व्हा." डिलीट काहीच केलं नाही. आधी प्रोफाइलची लिंक कॉपी केली (नाव रोज बदलतं, नुसत्या नावानं भागत नाही), तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, मग आयडी रिपोर्ट केला. फोनही तोच ठेवला. कोर्टात मूळ फोनलाच वजन.

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली. १९३० हा हेल्पलाइन नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. पोलीस ठाण्यात मात्र "आमच्या हद्दीत येत नाही" ऐकावं लागलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर घ्यावीच लागते. तेच लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. ही सोय त्याच कलमात आहे. मग त्याच ठाण्यातून बोलावणं आलं.

अर्जात भारतीय न्याय संहितेची कलमं लिहिली : ७८ म्हणजे पाठलाग, त्यात ऑनलाइन पाळतही येते, आणि ३५१ म्हणजे धमकी. नाव लपवून धमकी दिली तर ३५१(४) नुसार दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा. आयटी कायद्याचं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजचं कलम) कोणी सुचवलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टानं ते २०१५ मध्येच रद्द केलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.