जुन्या जीपचं इंजिन बदलताय? या चुका टाळा

जुनी सीजे-३बी जीप घरी आली की थोड्याच दिवसांत डिझेल इंजिनाचा विषय निघतो. पेट्रोल परवडत नाही, आणि ओळखीच्या भंगारवाल्याकडे महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन स्वस्तात पडलेलं असतं. सौदा होतो, इंजिन येतं आणि गाडी दोन पावसाळे गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: इंजिन आधी घेतलं आणि हिशेब नंतर मांडला. खरं तर हिशेब चाकापासून सुरू करून इंजिनाकडे यायला हवा.

मूळ गाडीत २.२ लिटरचं हरिकेन एफ-१३४ पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, डाना १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि ५.३८ रेशोचे एक्सल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर पुढे जातो आणि टॉप गिअर थेट एकास एक आहे. म्हणजे ६० च्या वेगाला इंजिन जवळपास २४५० आरपीएमवर आणि ८० ला ३२५० च्या पुढे. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद ४००० ला देतं, त्यामुळे त्याला हे झेपतं. जुन्या डीआय डिझेलची मजल ३२०० च्या आसपासच संपते. तेच गिअर ठेवून डिझेल बसवलंत तर ६० ला कान किटतात आणि ८० ला इंजिन पार टोकाला जातं.

यावर उपाय दोन: ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवून तोच वेग देणारा वरचा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स, किंवा कमी रेशोचे एक्सल. दुसरा उपाय निवडलात तर पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल बदलावे लागतात. ‘मागचा तेवढा बदलू, पुढचा कधीतरीच लागतो’ असं सांगणारे मिस्त्री भेटतात, त्यांचं ऐकू नका. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) टाकताच पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, आणि कडक जमिनीवर तो सगळा पीळ ट्रान्सफर केस, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि एक्सल शाफ्टवर येतो.

चिखलातल्या चालीचंही गणित करा. पहिला गिअर २.८, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू, ताकदीचा गिअर) २.४६, एक्सल ५.३८, गुणाकार सुमारे ३७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३७ फेरे. एक्सल ४.२७ चे केले की तो २९ वर उतरतो आणि घाटातल्या निसरड्या चढावर क्लच जाळत चढावं लागतं. नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.५ च्या आसपास असेल तर तुम्ही परत ३७ पर्यंत पोचता. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल हे तीन वेगळे निर्णय समजू नका.

आता लांबी. या जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम ८० इंच आहे. पाच गिअरचा लांब बॉक्स टाकला की ट्रान्सफर केस मागे सरकते, मुळातच आखूड असलेला मागचा शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) आणखी आखूड होतो आणि त्याचा कोन तीव्र होतो. शिवाय डाना १८ चे दोन्ही शाफ्ट उजवीकडून निघतात आणि डिफरन्शियलही (एक्सलवरचे गिअरचे गोळे) त्याच बाजूला आहेत. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत मागचा शाफ्ट मधोमध येतो. अशी ट्रान्सफर केस घेतलीत तर एक्सलही बदलावे लागतात. एक गोष्ट हमखास विसरली जाते: या जीपचा हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. केस बदलली की हँडब्रेकही गेला.

फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) ब्रॅकेट वेल्ड करण्याची घाई करू नका. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, रेडिएटर आणि बॉनेट जागेवर ठेवून बघा. मग पुढच्या डिफरन्शियलवर मळलेल्या मातीचा गोळा चिकटवा आणि बंप रबर (एक्सलची वरची हालचाल थांबवणारा) टेकेपर्यंत एक्सल जॅकने वर घ्या. इंजिनाच्या चेंबरने (खालच्या तेलाच्या भांड्याने) दाबलेला गोळा काढून जाडी मोजा. इंचभर तरी राहिली पाहिजे, कारण इंजिनही रबरावर हलतं. डिझेल जड असल्याने पुढचे पाटे बसतात, म्हणून हे माप इंजिनाचं पूर्ण वजन पडल्यावरच घ्यायचं.

अ‍ॅडॉप्टर प्लेट, म्हणजे नवं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी पट्टी, हा सगळ्यात नाजूक भाग. लेथवाल्याकडून प्लेट नुसती कापून आणली, बोल्ट बसले म्हणजे काम झालं असं होत नाही. क्रँकवर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं माप) लावून बेल हाउसिंगचं (क्लचवरच्या कवचाचं) भोक फिरवून तपासा. फरक पाच थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशांच्या) आत हवा. तो जास्त असेल तर पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये टेकतं ती बुश) खाल्ला जातो, क्लच नीट सुटत नाही, गिअर आपोआप निसटतो, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर जातो.

गाडी थरथरते तेव्हा आधी उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस करून बघा. तिथेच थरथर असेल तर फाउंडेशन, फ्लायव्हील किंवा क्लच. क्लच दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि जुळणी तपासा. ठराविक वेगालाच येत असेल आणि न्यूट्रल टाकून गाडी सोडल्यावरही चालूच राहत असेल, तर शाफ्ट बघा: दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का, ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियन (डिफरन्शियलचा शाफ्ट जोडला जाणारा गिअर) समांतर आहेत का. गाडी तापण्याचंही असंच. हळू चढताना तापते तर फॅन आणि श्राउड (फॅनभोवतीचं कवच) बघा, पळताना तापते तर रेडिएटर.

डिझेलला इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम मिळत नाही. व्हॅक्यूमवरचे वायपर बंद पडतात, आणि ब्रेक बूस्टर लावायचा असेल तर व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. जुन्या जीपचे नऊ इंची ड्रम वाढलेल्या वजनाला आणि वेगाला पुरतील असं मला वाटत नाही. मोठ्या ब्रेकचा खर्च पहिल्याच अंदाजात धरा. पेट्रोलच्या टाकीला डिझेल परतीची (इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत आणणारी) नळी नसते, तीही करून घ्यावी लागेल.

कागदपत्रं मात्र स्पॅनर हातात घेण्याआधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि सुटं इंजिन बिलाशिवाय घेतलंत तर त्याचा नंबर आरसीवर चढणं अवघड. त्यातून २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली चालत नाही. तुमची जीप त्या वयाची असेल आणि हरिकेन अजून जिवंत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तेच इंजिन नीट बांधून घ्या. तरीही बदलायचंच ठरवलंत, तर जुनं इंजिन आणि टी-९० विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा.